उचकी थांबत नसेल तर

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, जेवताना उचकी लागली की कुणीतरी म्हणतंच, "कोण आठवण काढतंय बघ!" मग एकेकाचं नाव घ्यायचं, ज्याच्या नावाला उचकी थांबेल त्यानंच आठवण काढली. रीत गोड आहे, ती राहू दे. फक्त दोन दिवस उचकी थांबली नाही, तर नावं घेत बसू नका.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो, श्वासपटल. तो एकदम आखडतो, हवा आत ओढली जाते आणि लगेच स्वरयंत्राचं दार मिटतं. "हिक्" वाजतं ते त्या मिटण्यानं. पडद्याला डिवचतं बहुधा पोटच: घाईनं गिळलेली भाकरी, जत्रेतला गोटी सोडा, तिखटजाळ रस्सा, दारू.

आता उपाय. ताठ बसा, सगळा श्वास सोडा. मग छाती भरून श्वास घ्या आणि १० सेकंद धरा. न सोडता वरून आणखी थोडा घ्या, ५ सेकंद थांबा; पुन्हा थोडा, पुन्हा ५ सेकंद. मग सावकाश सोडा. यानं पडदा ताणलेला राहतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि झटके थांबायला मदत होते. चूक होते ती मधेच; वरचा श्वास घेण्याआधी नकळत हवा सुटते, आणि मग गुण येत नाही. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी हे टाळावं, गार पाणी घोट घोट प्यावं. चमचाभर कोरडी साखर गिळूनही अनेकांची उचकी थांबते. मधुमेह असेल तर ती नको. डोळे दाबणं मात्र कुणीच करू नये.

तान्ह्या बाळाला उचकी लागली तर खांद्यावर उभं धरून ढेकर काढा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कितीही जुनी सवय असली तरी.

४८ तासांपेक्षा जास्त टिकलेल्या उचकीमागे पित्त घशाशी येणं, मूत्रपिंडाचा आजार किंवा डेक्सामेथासोनसारखं औषध असू शकतं. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आणि उचकीबरोबर अचानक तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, गिळता येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. दोन दिवस थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. ते फुप्फुसात उतरतं.