रजिस्टरातला रिकामा रकाना

[दृश्य: काचपट्टीवर रंगवलेल्या पेशी]

गर्भाशयाच्या मुखावरून ब्रशने घेतलेल्या या पेशी. पॅप स्मीअर म्हणतात ती हीच तपासणी. पेशीतलं केंद्रक नेहमीपेक्षा मोठं, गडद दिसलं की बघणारा थबकतो. कॅन्सर व्हायच्या कितीतरी वर्षं आधी हे बदल सुरू होतात. तेव्हाच उपचार झाले तर तो टाळता येतो.

म्हणून सरकारं तपासणी मोहिमा काढतात, आणि शेवटी आकडा जाहीर होतो: इतक्या लाख तपासण्या. या आकड्यावरून कळतं ते इतकंच, की साहित्य किती खपलं.

इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकापासून लाखो पॅप स्मीअर होत होत्या, तरी कॅन्सरचं प्रमाण फारसं हललं नाही. काही जणी पुन्हा पुन्हा तपासल्या जात, काही जणी कधीच नाही. १९८८ मध्ये यादी करून प्रत्येकीला पत्र धाडायला सुरुवात झाली. मुदत आली की पुन्हा पत्र. तपासलेल्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांवरून १९९४ पर्यंत ८५ टक्क्यांवर गेलं, आणि नवे रुग्ण झपाट्याने घटले. चाचणी जुनीच होती.

[दृश्य: गावाकडचा रस्ता]

तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ मध्ये इथे खेड्यांचे ५२ समूह चार गटांत वाटून एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. एका गटात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मीअर, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून सदोष भागावर उमटणारा पांढरा डाग शोधणं. चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनी मोजले ते या कॅन्सरने झालेले मृत्यू. एचपीव्ही गटात ३४, चौथ्या गटात ६४. तेही आयुष्यात एकदाच झालेल्या चाचणीवर! उरलेल्या दोन पद्धतींनी मात्र मृत्यूंत ठोस घट दिसली नाही.

मग ॲसिडची पद्धत कुचकामी? मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकदा करणं आणि करत राहणं यांत एवढा फरक पडतो.

‘इतक्या जणींमध्ये दोष सापडला, म्हणजे इतक्या वाचल्या,’ हा हिशेबही फसवा. सुरुवातीचे बरेचसे बदल आपसूक बरे होतात. शिवाय तपासलेल्यांची टक्केवारी काढताना गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रिया एकूण संख्येतून वगळाव्या लागतात. हे साधं वाटतं, पण विसरलं जातं.

[दृश्य: रजिस्टरवरून सरकणारं बोट]

मोहिमेच्या परीक्षेचा खरा प्रश्न उलट बाजूने विचारतात. जिला कॅन्सर झालाच, तिच्यापासून मागे जायचं. तिला बोलावलं होतं का? ती आली होती का? काचपट्टी वाचताना चूक झाली का? आणि दोष निघाल्यावर तिला उपचार मिळाले का?

नाव आहे. तारीख आहे. निकाल: सदोष. पुढचा रकाना उपचारांचा.

तो कोरा आहे.