निर्लेखनाच्या यादीतली पुस्तकं

अध्यक्ष महोदय, कार्यवाह, ग्रंथपाल बाई आणि मित्रहो,

‘लेखक आणि ग्रंथालय’ असा विषय दिला की वक्ता ग्रंथालयाला मंदिर म्हणतो आणि मोकळा होतो. मी आज थोडं भांडायला आलोय. भांडण ग्रंथपालांशी नाही, ‘निर्लेखन’ नावाच्या प्रकाराशी, म्हणजे जुनी पुस्तकं नोंदीतून रद्द करून काढून टाकण्याशी आहे.

वाचनालय चालतं देवघेवीवर. वर्गणीदाराला नवी कादंबरी हवी, दिवाळीत ताजे अंक हवेत, आणि त्यात गैर काही नाही. लेखकाला मात्र नेमकं तेच पुस्तक लागतं जे वर्षानुवर्षं कुणी घरी नेलेलं नाही. समजा, माझ्या कादंबरीतलं पात्र १९३०च्या सुमारास कोकणातून बोटीने मुंबईला निघालंय. पडावातून बोटीवर चढताना बायामाणसांची काय तारांबळ उडायची, सोबत शिदोरी कसली असायची, हे इतिहासाच्या जाडजूड ग्रंथात मिळत नाही. मिळालंच तर कुणा निवृत्त कारकुनाने पदरमोड करून छापलेल्या आत्मवृत्तात, नाहीतर एखाद्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत. असल्या पुस्तकाच्या शेवटी डकवलेली तारखांची चिठ्ठी पाहा. वर दोन-तीन जांभळे शिक्के, खाली सगळे रकाने कोरे. निर्लेखनाची यादी करताना पहिला हात पडतो तो याच पुस्तकावर!

विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं, तेव्हा ते ऐन विशीत होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ त्यानंतरचं. म्हणजे या माणसाने आधी पुस्तकं गोळा करायची सोय केली आणि मग वाङ्मयाचा इतिहास लिहिला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. दुसरे शंकर गणेश दाते. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ची पुस्तकं आहेत, दुसऱ्यात १९३८ ते १९५०ची. चांगलं कोणतं, टाकाऊ कोणतं, असला निवाडा करत ते बसले नाहीत. पाकशास्त्र, पंचांग, पाठ्यपुस्तक, सगळ्यांची नोंद. आज ती सूची उघडून एखाद्या नावावर बोट ठेवावं आणि प्रत शोधायला निघावं, तर ‘होतं आमच्याकडे, मागेच रद्द केलं’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवावी लागते.

बांधणीबद्दलही बोलतो. पुस्तक खिळखिळं झालं की बाइंडरकडे जातं. तो मुखपृष्ठ काढून टाकतो, कडा कापतो आणि खाकी पुठ्ठा चढवतो. पुस्तक टिकतं, हे खरं. पण दीनानाथ दलालांनी काढलेली किती मुखपृष्ठं अशी केराच्या टोपलीत गेली असतील! दिवाळी अंक बांधताना जाहिरातींची पानं फाडतात, तेही तसंच. तेलाची, साबणाची, टॉनिकची ती जाहिरात म्हणजे त्या काळचं घर असतं हो.

ग्रंथपालांची बाजू मला कळते. जागा तेवढीच, अनुदान वेळेवर येत नाही, पावसाळ्यात कसर आणि वाळवी. सगळंच ठेवा, असं म्हणणं शहाणपणाचं नाही. स्कॅनिंगचं म्हणाल तर करावं जरूर, पण पुढे त्या फायली सांभाळणार कोण, हेही आधी ठरवावं.

माझी मागणी लहान आहे. पुस्तक रद्द करण्याआधी तालुक्यातल्या इतर वाचनालयांना फोन करा. दुसरीकडे प्रत असेल तर खुशाल काढा, नसेल तर माळ्यावर का होईना, ठेवा. आणि निर्लेखनाची यादी महिनाभर दारातल्या फलकावर लावा. कुणीतरी वाचेल, कुणी म्हणेल, ‘अहो, हे माझ्या आजोबांचं!’ त्या यादीत माझं पुस्तक निघालं तर संकोच करू नका, तेही नाव लावा. मी येऊन बघून जाईन.