पृष्ठं पाचच, मग चिती की सूची?

नमस्कार मंडळी! बडोद्यात राहणाऱ्यांनी दोन वास्तू डोळ्यांसमोर आणा. एक, आपल्या विद्यापीठातल्या आर्ट्स फॅकल्टीचा घुमट, वास्तुविशारद चिझम यांच्या आराखड्यातला. दुसरी, ईएमईच्या, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी शाखेच्या, आवारातलं दक्षिणामूर्ती मंदिर, १९६६ सालचं, ॲल्युमिनिअमने मढवलेलं. लांबून दोन्ही गोलसरच. पण घुमटाचं पृष्ठ वळत जातं, आणि मंदिराची जिओडेसिक रचना सपाट तुकडे जोडून उभी राहते. घनाकृती हातात आली की पहिला प्रश्न हाच: सगळी पृष्ठं सपाट आहेत का?

नसतील, तर गोल, शंकू, वृत्तचिती या घरात जा. तिथे फार अडत नाही.

खरी गंमत सपाटवाल्यांची. (दोन कागदी मॉडेल दाखवत) ही त्रिकोणी चिती: दोन टोकांना सारखे त्रिकोण, बाजूंना आयत. ही चौरस सूची: तळाला चौरस, बाजूंचे त्रिकोण वर एका टोकाला मिळतात. पृष्ठं मोजा. दोन्हीकडे पाच! कडा मोजल्या तर चितीला नऊ, सूचीला आठ. शिरोबिंदू सहा आणि पाच. पृष्ठं अधिक शिरोबिंदू वजा कडा केलं, की दोन्हीकडे उत्तर दोनच येतं. हे ऑयलरचं सूत्र. मोजणी चुकली की लगेच पकडून देतं, म्हणून मला ते फार आवडतं.

मग आकडे पाठ केले की झालं? अजिबात नाही. आता ही सूची तळाला समांतर कापते आणि टोक बाजूला ठेवते. उरलेल्या तुकड्याला पृष्ठं सहा, शिरोबिंदू आठ, कडा बारा. घनालाही नेमके एवढेच! तरी हा तुकडा घन नाही, चितीसुद्धा नाही. वरचा चौरस खालच्यापेक्षा लहान आहे ना! चितीला समोरासमोरची दोन पृष्ठं समांतर तर हवीतच, शिवाय एकरूपही हवीत. तक्त्यातले आकडे घोकणाऱ्या मुलांना हा तुकडा जरूर द्या, आणि उत्तराची घाई करू नका. हातात फिरवू द्या.

शेवटी, नेहमी विचारला जाणारा प्रश्न: घन ही इष्टिकाचिती आहे का? हो, आहे. इष्टिकाचितीची सहाही पृष्ठं आयत असतात, आणि चौरस हा आयतच. इष्टिकाचिती ही चितीही आहे. म्हणजे परीक्षेत घनाचा डबा एकट्या ‘घन’ रकान्यात टाकून थांबू नका. त्याच्यासाठी तिन्ही रकाने खुले आहेत.