एका बिटची किंमत

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे माप ठरवले, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता तो टेलिफोन आणि तारायंत्रासारख्या दळणवळणाचा. संदेशाचा अर्थ काय, हा विचार त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवला. संदेश येण्यापूर्वी असलेली अनिश्चितता तो आल्यावर जितकी घटते तितकी माहिती मिळाली, असे त्यांनी मानले. समान शक्यतेच्या दोन पर्यायांपैकी एक पक्का झाला की एक बिट मिळतो. पुढे हे माप सजीवांना, मेंदूला आणि थेट कृष्णविवरांनाही लावले गेले. ‘अवघे विश्व म्हणजे माहितीच’ अशी घोषणा त्यातून अनेकदा दिली जाते. मला ती फारशी उपयोगाची वाटत नाही. एक बिट मिळवायला, पाठवायला किंवा पुसायला काय मोजावे लागते, असे विचारले तर मात्र हाती काही ठोस लागते.

डीएनएच्या साखळीत प्रत्येक जागी चारांपैकी एक अक्षर असते, म्हणजे फार तर दोन बिट. मानवी जीनोममधील, म्हणजे आपल्या संपूर्ण डीएनए-संचातील, सुमारे तीन अब्ज अक्षरांचे सहा अब्ज बिट होतात, पण ही झाली साठवणुकीची क्षमता. त्यातील बरीच अक्षरे बदलली तरी शरीराचे काही बिघडत नाही. उपयोगी माहिती आत शिरते ती नैसर्गिक निवडीतून, आणि तिची किंमत वंश खुंटण्याच्या रूपात चुकती होते. अलैंगिक प्रजननाच्या साध्या गणिती प्रतिमानात प्रत्येक पिढीतील निम्मी संतती बाद झाली, तर त्या बदल्यात जीनोममध्ये साधारण एकाच बिटची भर पडते. दुसरीकडे नक्कल करतानाच्या चुका जमलेली माहिती सतत पुसत असतात. चुकांचे प्रमाण ठरावीक असेल तर जीनोम एका मर्यादेपलीकडे लांबू शकत नाही, हे मॅनफ्रेड आयगेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. बहुतेक आरएनए विषाणूंचे जीनोम आखूड असतात आणि सुमारे ३०,००० अक्षरांच्या कोरोनाविषाणूंकडे नकलेतील चुका दुरुस्त करणारे विकर असते, याची संगती इथे लागते.

मेंदूच्या बाबतीत मी माशीच्या डोळ्यापाशी थोडा थांबणार आहे. तिच्या प्रकाशग्राही पेशींच्या लगेच मागे असलेल्या चेतापेशींना विद्युतदाबाच्या मर्यादित पल्ल्यात बाहेरच्या जगातील उजेडाचे सारे चढउतार सांगायचे असतात. पल्ल्याची प्रत्येक पातळी सारख्याच वेळा वापरली गेली तर सर्वाधिक माहिती पुढे जाईल, असे सिद्धांत सांगतो. म्हणजे उजेडातले जे फरक निसर्गात वारंवार आढळतात, तिथे पेशीचा प्रतिसाद तीव्रतेने बदलायला हवा आणि विरळ फरकांच्या ठिकाणी तो जवळपास सपाट असायला हवा. सायमन लॉफलिन यांनी प्रत्यक्ष निसर्गदृश्यांतील उजेडाचे फरक मोजून हा अपेक्षित आलेख काढला, माशीच्या पेशींचा प्रतिसादही मोजला, आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत दोन्ही आलेख जवळजवळ जुळले. माझ्या मते या क्षेत्रातील इतका देखणा प्रयोग दुसरा नाही. पुढे १९९८ मध्ये लॉफलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच माशीत खर्चही मोजला: रासायनिक चेतासंधीतून, म्हणजे दोन चेतापेशींमधील जोडातून, एक बिट पाठवायला पेशीचे इंधन असलेल्या एटीपीचे सुमारे १०,००० रेणू खर्ची पडतात. शरीराच्या वजनात जेमतेम दोन टक्के असलेला आपला मेंदू विश्रांतीच्या काळातही शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा का खातो, हे त्यावरून थोडेफार उमगते.

यापेक्षा स्वस्तात किती भागेल? एक बिट पुसताना किमान किती उष्णता बाहेर पडलीच पाहिजे, याची मर्यादा रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये सांगितली. खोलीच्या तापमानाला ती साधारण ३ × १०⁻²¹ जूल भरते, आणि चेतासंधीचा खर्च तिच्या काही लाख पट आहे. तुलना अगदी काटेकोर नाही, कारण पाठवणे आणि पुसणे या वेगळ्या क्रिया आहेत. तरी जिवंत यंत्रणा भौतिकीच्या तळापासून किती वर आहे, याचा अंदाज येतो.

कृष्णविवरात मात्र हिशेबाचे चलनच बदलते. त्यात एखादा कण पडला की त्याच्याविषयीची माहिती बाहेरच्या निरीक्षकाला दुरावते, म्हणजे त्याच्या दृष्टीने अनिश्चितता वाढते. जेकब बेकेनस्टाइन यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी असे मांडले, की ही वाढ कृष्णविवराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळात नोंदली जाते. स्टीफन हॉकिंग यांच्या गणिताने त्या प्रमाणाचा नेमका गुणक ठरवला. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे हीच अनिश्चितता, बिटांत मांडली तर सुमारे १०⁷⁷ येते, प्रत्यक्ष सूर्याच्या एन्ट्रॉपीहून कितीतरी अधिक. ती घनफळाच्या नव्हे तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या जागेत जास्तीत जास्त किती माहिती मावेल हे तिच्या सीमेवरून ठरत असावे, या तर्काचा उगम इथलाच आहे.