गोण्या मे महिन्यात कोण उचलणार?

(रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय ‘पर्यावरणसेवा आणि विद्यार्थ्यांचं नेतृत्व’. नेतृत्वापर्यंत मी येणारच आहे, पण वाटेत एक वहाळ, म्हणजे ओढा, आणि त्यावरचा गोण्यांचा बंधारा लागतो, आणि तो ओलांडायला वेळ जाईल, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्या घरच्या विहिरीत आज किती हात पाणी आहे, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हात वर करा बरं. चार. त्यातले तीन मागच्या रांगेतल्या आज्यांचे. साहजिकच आहे, रहाट त्यांनी ओढलाय. पाण्याला किती दोर लागतो हे त्यांच्या खांद्याला कळायचं. नववीच्या बाकांवरून एकही हात नाही. पुढच्या वर्षी ह्याच सभागृहात तुमचे हात वर दिसावेत, म्हणून हा तासभर.

कोकणातल्या पावसाचं कौतुक तुम्हाला सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, तेव्हा १०० चौरस मीटरच्या कौलारू छपरावर एका हंगामात तीन लाख लिटर पडतं. आणि त्याच घराच्या पाखाडीवर एप्रिलमध्ये हंडे घेऊन बाया उभ्या असतात. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम ५०-६० किलोमीटर, उतार तीव्र, आणि पायाखाली जांभा, हा तांबडा सच्छिद्र दगड. जांभा पाणी पितो पटकन आणि सोडतोही पटकन. ऑक्टोबरात खळाळणारा वहाळ फेब्रुवारीत कोरडा, हे आपलं गणित.

त्या वहाळाला दिवाळीनंतर बांध घालायचा, ही काही नवी गोष्ट नाही. पावसाळ्यानंतरच्या वायंगणी भातासाठी, मिरची-वांग्याच्या मळ्यासाठी आपली माणसं दगड, माती आणि पाला घालून पाणी अडवत आलीच आहेत. माती भरून रचायला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आल्या, मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे ‘वनराई बंधारा’ हे नाव रुळलं, आणि काम शाळेच्या आवाक्यात आलं. काम छान आहे. माझी तक्रार ते ज्या पद्धतीने होतं त्याबद्दल आहे. जागा ठरते गाडी कुठवर जाते त्यावर. तारीख ठरते पाहुण्यांच्या सवडीवर. मुलं ठरतात शिस्तीच्या रांगेवर. साडेअकराला फोटो होतो, बाराला वडापाव येतो, आणि पंधरा दिवसांनी बंधाऱ्याच्या पोटातून सगळं पाणी निघून गेलेलं असतं. ते बघायला कोणी जात नाही. मुलांनी त्या दिवशी मेहनत केलेली असते हो, मनापासून केलेली असते. ती वाया जाते, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

तर बंधारा नीट कसा घालायचा. मुलांनो, वह्या काढा.

जागा आधी. खाडीच्या अंगाला असाल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीचं पाणी कुठवर चढतं ते बघा, आणि त्याच्या बरंच वर जा. खारं पाणी अडवलंत तर शेजारची विहीर नासेल. दोन्ही काठ उंच आणि टणक हवेत, पात्र अरुंद हवं. आणि खालच्या अंगाला किंवा काठालगत वापरातली विहीर हवी. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, विहिरीला वहाळातल्या बंधाऱ्याचा काही उपयोग नाही, उगाच कोणाला आशा लावू नका.

समजा पात्र सहा मीटर रुंद आहे आणि एक मीटर पाणी अडवायचंय. दोन-तृतीयांश भरलेली गोणी आडवी ठेवली की साधारण ५५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि १२-१३ जाड बसते. लांबी प्रवाहाच्या दिशेने ठेवली तर एका ओळीत १५ गोण्या. उंचीला आठ थर. तळचे तीन थर तीन-तीन ओळींचे, त्यावरचे तीन दोन-दोन ओळींचे, वरचे दोन एकेरी. बेरीज करा. १३५, ९० आणि ३०, म्हणजे २५५. प्रत्येकी ३५ किलो धरले तर जवळजवळ नऊ टन वजन. चाळीस मुलं असली तर डोईला सहा-सात गोण्या. झेपतं. पण भरलेली गोणी उचलून न्यायची नाही, कंबर जाईल. घमेल्यांची साखळी करा, माती बंधाऱ्याच्या जागी येऊ दे आणि गोणी तिथंच भरा. दोघांनी तोंड धरायचं, एकाने ओतायचं, चौथ्याने दाभणाने शिवायचं.

दोन-तृतीयांशच का? ही एकच गोष्ट लक्षात ठेवून घरी गेलात तरी चालेल. तोंडापर्यंत भरलेली गोणी कलिंगडासारखी गोल होते. दोन कलिंगडांमध्ये फट राहतेच, आणि पाण्याला तेवढी फट पुरते. कमी भरलेली गोणी पायाने दाबली की पसरते, शेजारणीच्या कुशीत शिरते. शिवताना तोंड दुमडून घ्यायचं, टाके चार बोटांवर. वरच्या थराची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर आली पाहिजे. गवंडी ह्याला सांधेमोड म्हणतो, चिऱ्याची भिंत बघितलीत की कळेल. थरांमध्ये चिकणमातीचा लेप. मातीसाठी काठ खणायचा नाही आणि कोणाच्या मळ्याचा बांधही नाही, पात्रातच साचलेली वाळू-माती घ्यायची.

आणि बंधारा फुटतो कुठून? बहुतेक वेळा खालून. तळातली वाळू-गोटे काढून कातळ किंवा घट्ट माती लागेपर्यंत साफ केलं नाही, तर पाणी पहिल्या थराखालून वाट काढतं. सोबत वाळू नेतं, वाट रुंद होते आणि बंधारा बसतो. दुसरी जागा काठ. गोण्या दोन्ही बाजूंना काठात फूटभर खोवल्या नाहीत, तर पाणी कडेने माती कापतं. म्हणून मधला भाग एका गोणीने खाली ठेवायचा. जास्तीचं पाणी मधूनच सांडलं पाहिजे, आणि सांडतं तिथं चपटे दगड रचले पाहिजेत, नाहीतर पायथ्याशी खड्डा पडतो. खालच्या वाडीसाठी थोडी धार वाहती राहू द्या. तिथेही कपडे धुतात, गुरं पितात, आणि डोहात मासे असतात.

जपायचं कशाला, तेही सांगतो. दगड हाताने उलटायचा नाही, आधी पहारेने हलवायचा. खाली फुरसं, हा विषारी साप, असू शकतं, आपल्याकडे ते काही दुर्मीळ नाही. पायाला जखम असेल त्याने पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोचं, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचं, भय आहे. गोण्यांतलं सिमेंट नाकाला रुमाल बांधून कोरडंच झटकायचं. वहाळात धुवायच्या नाहीत, त्या पाण्याने मासे मरतात आणि कातडीही भाजते.

बंधारा झाला की खरी शाळा सुरू होते. विहिरीच्या कठड्यावर रंगाची एक खूण करा. त्याच खुणेपासून, दर शनिवारी, सकाळी पंप लागायच्या आधी, टेपला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा. तीन विहिरी घ्या. बंधाऱ्याच्या खालची, वरची, आणि तिसरी बंधाऱ्याशी अजिबात संबंध नसलेली. ही तिसरी शिक्षकसुद्धा विसरतात. ती नसेल तर पाणी बंधाऱ्याने टिकलं की यंदा पाऊस लांबला म्हणून टिकलं, हे कसं सांगणार? वहाळाची धार बादलीने मोजा. १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरली तर मिनिटाला ४५ लिटर, दिवसाला जवळपास ६५ हजार. साठ्याचा अंदाजही सोपा आहे. सहा मीटर रुंद, एक मीटर खोल आणि मागे ५० मीटर लांब फुगलेलं पाणी, गुणाकाराचं निम्मं करायचं, कारण तळ उतरता आहे. दीड लाख लिटर. नववी-दहावीला जलसुरक्षा विषय आहे, त्याला प्रकल्प लागतो. इंटरनेटवरून चित्रं चिकटवण्यापेक्षा ही वही द्या ना.

आता टेबलावरच्या ह्या दोन गोण्यांकडे येतो. मघापासून तुम्ही बघताय. ही एक कोरी. आणि ही दुसरी, वहाळात उन्हापावसात पडून राहिलेली. चिमटीत धरून ओढतो, बघा. आवाजसुद्धा झाला नाही. पट्ट्या सुटल्या, आणि बोटांना ही पांढरी भुकटी लागली. पुढच्या रांगेतल्यांनो, हात लावून बघा. हे विणलेलं प्लास्टिक आहे, ऊन त्याला खातं. बंधारा तसाच राहिला तर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात २५५ गोण्या फुटतात आणि ह्या पट्ट्या नदीत, नदीतून खाडीत जातात. काही करंजाच्या मुळांत अडकतात, काही खारफुटीत. पावसाळा संपून डोल, म्हणजे पिशवीसारखं मासेमारीचं जाळं, लागली की जवळ्यातून हेच तुकडे निवडत आपली कोळीण बसते. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, आपण शाळेत पिशवी आणू देत नाही, आणि पर्यावरणसेवा म्हणून केलेल्या कामाचं प्लास्टिक मात्र समुद्रात सोडतो. माझं सगळं म्हणणं ह्या एका जागी येऊन थांबतं. बंधारा घालण्याइतकंच तो उचलणं हे काम आहे, आणि त्याला कोणी वाली नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली आहेत. नेतृत्वाचं भरभर सांगतो.

वाली का नाही? काम पडतं नोव्हेंबर ते मे, आणि शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये मिटतं. दहावीला हे देऊ नका, जानेवारीनंतर ती मुलं तुमची नसतात. प्रमुख नववीची मुलं, आणि प्रत्येकाच्या जोडीला आठवीतलं एक. जूनमध्ये वही त्याच्या हातात जाते. वहीत गोण्यांची आवक-जावक लिहा, लावल्या किती, परत आल्या किती. परत येताना वीस कमी निघाल्या तर त्या वहाळात शोधायच्या.

उचलायचं कधी? मागचं पाणी आटलं त्याच आठवड्यात. बऱ्याच वहाळांत ते परीक्षा संपेपर्यंत आटलेलं असतं. गोणी कोरडी आणि हलकी असते, अजून विरलेली नसते. शिवण कापायची, वाळू पात्रात पातळ पसरायची, गोण्या झटकून गठ्ठे बांधायचे आणि ग्रामपंचायतीच्या प्लास्टिक संकलनात द्यायच्या. जाळायच्या नाहीत. वहाळ मेपर्यंत वाहत असेल तर १० ते २० मे धरा. तेव्हा चाकरमानी गावात असतात, आंब्याच्या पेट्या भरून झाल्या की त्यांनाही हाताशी घ्या. दोन दिवसांचं काम आहे. वळवाच्या आधी व्हायला हवं.

आणि शिक्षकांना विनंती. जागा मुलांना ठरवू द्या. तीन जागा त्यांनी मोजून आणाव्यात, एक निवडावी, आणि का निवडली ते लिहावं. चुकीची वाटली तर प्रश्न विचारा, हुकूम देऊ नका. सुतळी, दाभण, हातमोजे यांचे पैसे आणि हिशेब त्यांच्याकडे असू दे. तळ साफ झालेला नसेल तर पाहुणे आलेले असतानाही ‘आज पहिला थर पडणार नाही’ असं म्हणायचा अधिकार त्यांना असू दे. हा शेवटचा अधिकार सगळ्यात अवघड आहे, मला कल्पना आहे.

ग्रामसभेचं वेळापत्रक तर ह्या कामासाठी मुद्दाम आखल्यासारखं आहे. २ ऑक्टोबरच्या सभेत जागेची आणि काठमालकांची परवानगी मागा. १ मेच्या सभेत पातळीचे आकडे आणि तोवर परत आलेल्या गोण्यांचा हिशेब वाचून दाखवा. तिथं मुलांना मत नाही, पण अर्ज देता येतो, आणि सरपंचांनी बोलावलं तर बोलताही येतं. सरपंच इथं बसलेत, त्यांनी मान हलवली, ती मी पाहिली आहे.

वेळ झाली. नववीच्या मुलांनी लगेच पळायचं नाही. मागच्या अंगणात वाळूचा ढीग आणि रिकाम्या गोण्या आहेत, सुतळी-दाभण सरांकडे. प्रत्येक चौघांनी एक गोणी भरून, शिवून, पायाने दाबून बघायची. दोन-तृतीयांश.