झिजलं कुठं ते आधी बघा

(महिला मंडळातल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातला सोलापुरी हेल जमेल तिथं ठेवला आहे.)

बसा, बसा. आधी ही शाल काढून ठेवते, बाहेर ४१ अंश आहे. सत्कार केलात, बरं वाटलं. पण एक सांगू का? ही शाल मी ओळखते. दोन वर्षांमागं मीच ही एका बाईंना दिली होती. डांबरगोळीचा वास तोच, आणि टोकाला हळदीचा ठिपका आहे तो माझ्या हातचा. हसा हसा. ओटीतल्या ब्लाउज पीसचंही तेच, नाही का? तुमच्याकडून माझ्याकडं, माझ्याकडून विहिणीकडं, विहिणीकडून परत तुमच्याकडं. न शिवता म्हातारा होणारा कपडा तो एकच.

तर शाल इथं टेबलावर ठेवते. आणि ही चादर पहिल्या रांगेपासून मागं सोडते. आपली सोलापुरीच आहे, ६० बाय ९० इंचाची. होती म्हणू या, आता थोडी अरुंद झालीय. ही चादर मी मधोमध उभी कापून परत जोडलीय. माझं बोलणं होईस्तोवर जोड कुठं आहे तो शोधायचा. सापडेल तिला शाल.

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘टाकाऊतून टिकाऊ : एका जुन्या चादरीतून दहा वस्तू’. दहा वस्तू सांगणार आहे, काळजी करू नका. पण आधी या ‘टाकाऊतून टिकाऊ’बद्दल माझं भांडण आहे.

माझ्या नातवाच्या शाळेत या नावाची स्पर्धा होती. शाळेचं नाव नको, पोरगं अजून तिथंच शिकायलंय. संध्याकाळी सून दुकानातनं आइस्क्रीमच्या काड्या घेऊन आली. नव्या. पन्नासाचं पाकीट. मग रिकामी बाटली पाहिजे म्हणून थंड पेयाची भरलेली बाटली आणली. ती रिकामी करायची कुणी? नातवानं. दुसऱ्या दिवशी त्याला सर्दी. वर चकचकीत कागद, डिंकाची बंदूक, मणी. दोनशे रुपये घालून टाकाऊ वस्तू तयार झाली! मी म्हटलं, बाळा, तुझ्या दप्तराचा बंद मी गेल्या महिन्यात आजोबांच्या जुन्या पॅन्टच्या पट्टीनं बदललाय, तेच घेऊन जा की. नेलं बिचाऱ्यानं. परीक्षक बाई म्हणाल्या, “छान आहे, पण यात क्रिएटिव्ह काय?” पहिलं बक्षीस कशाला मिळालं, सांगा बघू? प्लॅस्टिकच्या चमच्यांच्या झुंबराला. चमचे नवे. त्यांनी एक घाससुद्धा कुणाला भरवला नव्हता.

मला बक्षिसाचं दुःख नाही. बरं, थोडं आहे. माझं म्हणणं एवढंच की आपण सुरुवात उलट्या बाजूनं करायलोय. मोबाइलवर बघायचं, जीनची पर्स. मग घरात जीन शोधायची. नसली तर नवऱ्याची चांगली असलेली जुनी ठरवायची. त्याला नवी चेन, नवं अस्तर, नवी लेस. आमच्या वेळच्या बायका वस्तूपासून सुरुवात करत नव्हत्या. त्या कापड उजेडाला धरायच्या आणि बघायच्या, झिजलं कुठं?

कापड सगळीकडं सारखं झिजत नाही, आणि माझं अख्खं व्याख्यान या एका वाक्यात आहे. शर्ट कॉलरला आणि बाहीच्या टोकाला जातो, पाठ धड राहते. पॅन्ट गुडघ्याला आणि बसायच्या जागी जाते, पोटऱ्या नव्याच. साडी खालच्या काठाला जाते, टाच घासते म्हणून. पदर तसाच. चादर मधोमध विरते, कडा ठणठणीत. टॉवेल? टॉवेल सगळाच जातो, त्याचं नंतर सांगते.

आता एक शब्द विचारते. ‘दंड’ म्हणजे काय? …बघा, मागून उत्तर आलं, सिग्नल तोडल्यावर भरतात तो! दुसरा? तालमीत मारतात तो. आणि लुगड्याचा दंड? हात वर करा. चार… पाच. सगळे साठीच्या पुढचे.

लुगडं विरलं की विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन धड भाग जोडायचे, किंवा दोन जुन्या लुगड्यांची धड अंगं जोडून एक करायचं. त्या जोडाला दंड. घालतात कसा, तर आधी बारीक धावदोरा, मग कड दुमडून आडवी पाडायची आणि वरनं तुरपाई. टोचायला नको आणि दिसायलाही नको. नऊवारीत कापड भरपूर, त्यामुळं दंड नेमका निऱ्यांत जाईल असं मोजून घालायचा. भूमिती शिकायला शाळेत जायची गरज नव्हती.

माझ्या आज्जेसासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. माहेर विजापूरकडचं, घरात कानडी, दारात मराठी, आणि गावाच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत गेल्या की तेलुगूत भाव करायच्या. नवरा गिरणीत. आपल्या गावात १८७७ साली पहिली गिरण उभी राहिली, तिलाच पुढं ‘जुनी गिरण’ म्हणायला लागले, पुढं आणखी गिरण्या आल्या, आणि गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा. पहाटेचा भोंगा झाला की अव्वा उठायच्या. नवरा दिवसभर कापड करणाऱ्यांतला आणि बायकोकडं लुगडी दोन! एक अंगावर, एक दोरीवर.

तर त्या एकदा दीराच्या मुलीच्या लग्नाला गेल्या. अंगावर दंडाचं इरकल. जाऊबाई जरा बऱ्या घरच्या. त्यांनी सगळ्यांसमोर निऱ्यांना हात लावला आणि म्हणाल्या, “काय हो, दंड घातलाय वाटतं?” तुम्ही-आम्ही काय केलं असतं? मान खाली, डोळ्यांत पाणी. अव्वा म्हणाल्या, “तुला दिसला? म्हणजे नीट बसला नाही.” आणि उठल्या की हो! आतल्या खोलीत गेल्या, दुसऱ्या कुणाचं लुगडं गुंडाळलं, सुईदोरा मागितला, दंड उसवला आणि परत घातला. बाहेर पंगत मांडलेली, पानं वाढलेली, वरमाय विचारायलीय अव्वा कुठं गेल्या. अर्ध्या तासानं आल्या, जाऊबाईंच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, “आता शोध.”

जाऊबाईंना सापडला नाही म्हणे. ही गोष्ट मी अव्वांच्याच तोंडून ऐकलीय, तेव्हा जाऊबाईंची बाजू काय होती कुणास ठाऊक.

यातली गंमत सांगते. ते लुगडं इरकल होतं ना? इरकलीचं अंग सुताचं, पदर रेशमाचा. दोन्हीचे ताणे, म्हणजे उभे धागे, वेगवेगळे असतात, फासे करून एकमेकांत अडकवतात, त्याला कोंडी म्हणतात. म्हणजे जोड असलेलं कोरं कापड आपण हजारो रुपये मोजून घेतो, ‘अस्सल आहे’ म्हणून चारचौघांत दाखवतो. आणि घरी घातलेला जोड मात्र लपवायचा.

अव्वांच्या घरात कापड मरत नव्हतं, पायरी उतरत होतं. लुगड्याला दंड. दंडाचं फाटलं की त्यातनं पोरीचा परकर, पोराचं झबलं, बाळंतिणीला दुपटी. बाळाला नवं कापड टोचतं, शंभरदा धुतलेलं टोचत नाही, हे त्यांचं शास्त्र. मग गोधडी. आपण गोधडी म्हणतो, कुणी वाकळ, अव्वा कौदी म्हणायच्या, तेलुगू घरात बोंता. वस्तू एकच. गोधडीचा शेवटचा टाका घालताना अव्वा कोपऱ्यात भाकरीचा बारीक तुकडा शिवायच्या, ‘उपाशी ठेवू नये’ म्हणून. मुंग्या यायच्या. तरी शिवायच्या. गोधडीतनं उरलेल्याची चुंबळ, हातपुसणं, मग पोतेरं. आणि चांगली सुती चिंधी असली तर काकडा. काकडआरतीतला काकडा म्हणजे तरी काय, पीळ दिलेली चिंधी तुपातेलात बुडवलेली. टाकाऊ कुठं आहे यात, मला दाखवा.

आता तुम्ही म्हणाल, बाई, ते सूत होतं. बरोबर, तिथंच खरी… हो हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं? पुढं भजन आहे, हॉल रिकामा करायचाय. दहा वस्तू दहा मिनिटांत, चला. चादर कुठवर आली? तिसरी रांग. आपल्या चादरीची नक्षी दोन्हीकडं असते, फक्त रंग उलटे, तेव्हा दोन्ही बाजू बघा.

पहिलं म्हणजे कापड ओळखा. एक धागा काढा, चिमट्यात धरा, पेटवा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर त्या कापडाचं कढई धरायचं फडकं करायचं नाही. हाताला चिकटेल, हे गमतीनं सांगत नाही. त्याच्या बाजाराच्या पिशव्या करा, मिक्सरचं झाकण करा. गोधडीतही नको, घाम टिपत नाही आणि आपल्याकडं तर थंडी पाव्हण्यासारखी येते.

दुसरं, चादर. मधे विरली की आधी वस्तू करायच्या नाहीत, दंड घालायचा. मधोमध उभी कापा, बाहेरच्या दोन्ही किनारी आत आणून जोडा. किनारीचं सूत उसवत नाही, त्यामुळं जोड पातळ बसतो. विरलेला भाग आता बाहेर गेला, तो छाटून दुमडा. पाच-सहा वर्षं कुठं जात नाहीत. त्याच्यानंतर वस्तू. लिहून घ्यायलात ना? धड तुकड्यांची पिशवी, आणि तिचे बंद कापडाच्या उभ्या धाग्यात कापा, आडवे कापले तर ताणतात. बसकर. इस्त्रीखालची घडी. तांब्या-पातेल्याचं फडकं. माठाभोवती गुंडाळायला, ओलं ठेवायचं, वाऱ्यानं पाणी वाळतं आणि माठ गार राहतो. चुंबळ. उशीची खोळ नको, जाड होते. पायपुसणं, दोन-दोन इंचाच्या पट्ट्या काढून वेणी घाला आणि वेणी गोल फिरवत शिवा. वेणीत लांबी बरीच खाल्ली जाते, पट्ट्या जास्तीच्या काढा. किती झाल्या? सात? आठ धरा.

टॉवेल. आपल्या चादरीसारखंच टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मान ठेवा, कात्री लावलेली कड तशीच सोडू नका. त्याचे फासे सुटतात आणि घरभर कापूस होतो. चारी कडा पट्टीनं बांधा. आंघोळीचा हातमोजा करा, लादीपुसणं करा.

जीन. १४ नंबरच्या सुईनं जाऊ नका, शिवणीवर मोडते. १६ किंवा १८ लावा, चाक हातानं फिरवा. मांडीचा भाग घेऊ नका, पोटरीचा घ्या. का? …बरोबर, शाब्बास.

स्वेटर उसवा, गोळे करा. नाही जमलं तर बोहारणीला द्या, त्यात कमीपणा नाही. तिकडं पानिपतला जुनी लोकर पिंजून परत सूत काढतात, ब्लँकेटं करतात. गोधडीचं सविस्तर राहिलं. एवढंच सांगते, आधी कच्चे टाके घालून सगळे थर धरून घ्या, मग कडेकडनं आत आत शिवत या.

झालं, झालं. भजनी मंडळ दारात उभंय. चादर कुठाय? पाचव्या रांगेत, काकूंना सापडला म्हणताय? दाखवा. …अहो नाही, तिथं उंदरानं कुरतडलं होतं, ते मी रफू केलंय. दंड अजून तुमच्या मांडीवरच आहे. आणखी कुणी? नाही?

मग ती शाल द्या इकडं.