फोनवरची चिठ्ठी, काउंटरवरची तपासणी

श्रोतेहो, नमस्कार. गिरगाव असो की मुलुंड, मेडिकलच्या काउंटरवर हल्ली डॉक्टरांच्या कागदी चिठ्ठीऐवजी फोनवरची चिठ्ठी पुढे येते. अक्षर लावत बसण्याचा त्रास गेला, हे फार चांगलं झालं. पण टाइप झालेली चूक स्वच्छ दिसते, म्हणून तिच्यावर चटकन विश्वास बसतो.

डॉक्टरांनी पहिली तीन-चार अक्षरं टाकली की औषधांची यादी उघडते. बोट एक ओळ खाली पडलं की भलतंच नाव निवडलं जातं. कधी 'दिवसातून एकदा' हे आधीच भरलेलं असतं आणि बदलायचं राहून जातं. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. आमवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड येतं, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. चौकटीत 'रोज' आणि खाली शेऱ्यात 'दर रविवारी' असं दिसलं, तर फार्मासिस्टने अंदाज बांधू नये. डॉक्टरांना फोन करून खात्री करावी आणि ठरलेला वार पाकिटावर ठळक लिहून द्यावा.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे व्हायल, म्हणजे इन्सुलिनची छोटी बाटली, बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटरची मिळते, पेनची कार्ट्रिज १०० ची. चिठ्ठीवर नुसतं '२० युनिट' असेल तर तेवढ्यावर औषध देता येत नाही. कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपीच्या, म्हणजे ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर शरीरात ५० युनिट जातात. अडीचपट! म्हणून व्हायल की पेन, हे विचारायलाच हवं.

आता नोंदीचं. औषधविक्रीच्या सरकारी नियमांतल्या नियम ६५ प्रमाणे औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख घालावी लागते. फोनमधल्या पीडीएफवर शिक्का कुठे मारणार? तीच फाइल दादरला चालते आणि तासाभराने ठाण्यालाही. ट्रामाडोल (वेदनाशामक) किंवा झोल्पिडेम (झोपेचं औषध) यांसारख्या शेड्यूल एच-१, म्हणजे जास्त कडक नियंत्रण असलेल्या यादीतल्या औषधांत ही पळवाट घातक आहे. त्यांची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून ते ३ वर्षं जपावं लागतं. त्यामुळे प्रिंट काढून त्यावर शिक्का मारणं, हाच आज भरवशाचा मार्ग. काउंटरवर दोन मिनिटं जास्त लागली तर कृपया थांबा.

दुकानात येताना कापलेला स्क्रीनशॉट आणू नका. त्यात तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक किंवा दुसऱ्या पानावरचा शेरा सुटतो. पूर्ण फाइल आणा. आणि डॉक्टरांनी मध्येच एखादं औषध बंद केलं असेल, तर फोनमधली जुनी फाइल त्याच दिवशी काढून टाका.